नव्या नाटकाचं वाचन बसवणाऱ्या दिग्दर्शकास



मावळात कुणीतरी नवं नाटक लिहिलं आहे आणि त्याचं वाचन बसवायचं काम तुमच्याकडे आलं आहे. आपली ओळख नाही. तरी तुमच्यापुढे काय मांडून ठेवलेलं असेल याचा मला अंदाज आहे. पेनानं खाडाखोड केलेली झेरॉक्स संहिता, कंपनीच्या शिफ्ट सांभाळून येणारे हौशी नट, शाळेचा नाहीतर वाचनालयाचा एका संध्याकाळपुरता मिळालेला हॉल, जेमतेम तीन तालमी. आणि ‘वाचनच तर आहे, होईल की’ असं सांगणारे हितचिंतक. या ‘वाचनच तर आहे’ला माझा विरोध आहे, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितो आहे, कारण तळेगावापासून लोणावळ्यापर्यंत आज ना उद्या असं वाचन बसवणारे आणखीही लोक असतील.

आपल्या तालुक्याला बसून ऐकायची सवय आहे. इंदोरीजवळच्या भंडारा डोंगरावर गाथेची पारायणं होतात, गावोगाव सप्ताह बसतात आणि दिवसभर शेतात राबलेली माणसं रात्री मांडी घालून तासन्‌तास कीर्तन ऐकतात. तळेगाव दाभाड्यात गो. नी. दांडेकर राहिले. राजमाचीवरचा बुधा आणि तुंग किल्ल्याचा धोंडी हवालदार ही माणसं त्यांनी आपल्याच डोंगरांतून उचलली. त्यांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन त्यांची मुलगी डॉ. वीणा देव, जावई डॉ. विजय देव आणि नाती अशा साऱ्या घरानं वर्षानुवर्षं केलं. नेपथ्य नाही, वेषभूषेचा थाट नाही, हातात कागद आणि समोर भरलेलं सभागृह. कादंबरीसारखी गोष्ट शेकडो लोक एकत्र बसून ऐकू शकतात, हे त्या घरानं मराठी श्रोत्याला दाखवून दिलं. वीणाताई २०२४ मध्ये गेल्या. आज कुठल्याही गावात चार जण कागद हातात घेऊन लोकांसमोर बसतात आणि लोक ‘हे काय’ असं विचारत नाहीत, यात त्यांच्या कष्टांचा मोठा वाटा आहे.

तुमचं काम मात्र त्यांच्यापेक्षा वेगळं आहे, आणि हा फरक तालमीच्या पहिल्या दिवशीच नटांना सांगावा असं मला वाटतं. ‘माचीवरला बुधा’ लिहून झालेली, छापलेली, लोकांनी आपली मानलेली कादंबरी. तिचं वाचन करणाऱ्यानं ती उत्तम रीतीनं पोचवायची. तुमच्या हातातलं नाटक अजून पुरं झालेलं नाही. लेखकाला ते पुरं वाटत असेल, पण त्यानं ते फक्त स्वतःच्या डोक्यात ऐकलेलं आहे. दुसऱ्याच्या तोंडून, अनोळखी माणसांच्या सोबतीनं ते तो पहिल्यांदाच ऐकणार आहे. प्रयोगाचा दिग्दर्शक नाटकातली भोकं बुजवतो. कुठे संगीत टाकतो, कुठे नटाला फिरवतो, कुठे दिवे मंद करतो आणि पडलेला प्रवेश उचलून धरतो. त्याचं ते कामच आहे. वाचनाच्या दिग्दर्शकानं ती भोकं उघडी ठेवायची. जिथे नाटक रेंगाळतं तिथे ते सगळ्यांदेखत रेंगाळलं पाहिजे, तरच लेखकाला घरी जाऊन काही करता येईल. नाटक मुद्दाम वाईट दिसू द्या असं मी म्हणत नाही. जेवढं कागदावर आहे तेवढं सगळं ऐकू यावं आणि जे नाही ते कुणी आपल्या पदरचं घालू नये.

नाटकं अशी, माणसांत राहून, बदलतात. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेनं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ केलं तेव्हा नायिका लीला बेणारेचं शेवटचं स्वगत संहितेत आधीपासून नव्हतं. तालमी चालू असताना दिग्दर्शक अरविंद देशपांडे यांनी आग्रह धरला आणि नाटककार तेंडुलकरांनी ते लिहिलं. आज त्या स्वगताशिवाय ते नाटक आपल्याला आठवतही नाही. नटांच्या तोंडून नाटक ऐकताना दिग्दर्शकाला एक रिकामी जागा जाणवली आणि त्यानं ती लेखकाकडे परत पाठवली, एवढीच ती गोष्ट. पुढे १९८५ ते १९९४ या काळात पुण्याच्या थिएटर अकादमीनं सतीश आळेकरांच्या पुढाकारानं नव्या नाटककारांसाठी खास योजना चालवली. लेखकाला लिहिण्याच्या काळातच सोबत लागते, ही जाण तिच्यामागे होती. अमेरिकेत १९६४ साली स्थापन झालेल्या युजीन ओनील थिएटर सेंटरनं तर हाच मार्ग धरला. हातात संहिता घेतलेले नट, जुजबी नेपथ्य आणि वाचनांच्या मधल्या दिवसांत लेखकानं नव्यानं लिहिलेली पानं. ऑगस्ट विल्सन यांचं ‘मा रेनीज ब्लॅक बॉटम’ १९८२ मध्ये तिथे वाचलं गेलं. लॉइड रिचर्ड्स यांनी ते १९८४ मध्ये आधी येल विद्यापीठाच्या रंगमंचावर आणि मग ब्रॉडवेवर बसवलं. तोवर विल्सन यांना नाटककार म्हणून फारसं कुणी ओळखत नव्हतं.

आता नट. इथेच सगळ्यात जास्त घसरायला होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. गावातला सगळ्यात भारदस्त आवाजाचा माणूस वाचनाला घ्यायची आपल्याकडे रीत आहे. निवेदनं तोच करतो, गणपतीत माईक त्याच्याच हातात असतो. त्याला घेऊ नका असं नाही, पण पहिल्या तालमीत तो इतरांची वाक्यं ऐकतो का ते पाहा. पुष्कळ चांगले वाचणारे आपलं वाक्य संपलं की पान चाळून पुढचं आपलं वाक्य शोधत बसतात. अशा नटांचं वाचन म्हणजे आळीपाळीनं केलेली भाषणं. दोन पात्रांमध्ये काही घडतच नाही, आणि लेखकाला वाटतं की प्रवेशच मेला. समोरच्याचं वाक्य ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काही हलतं असा नट घ्या, मग त्याचा आवाज थोडा बारीक असला तरी चालेल.

दुसरं बोलीचं. नाटकात मावळातला शेतकरी आला की आपलेच नट, ज्यांचे आजोबा नाणे मावळात भात लावत होते, ते एकाएकी सिनेमातली ग्रामीण बोली बोलू लागतात. हेल काढून, प्रत्येक वाक्याला झटका देऊन, हशा येईल अशा बेतानं. ती बोली कुठल्याच गावची नाही. मावळात अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. त्यांत महादेव कोळी, ठाकर, कातकरी यांच्या वस्त्या. घाटाखालच्या कोकणाशी सोयरिकी. पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला कामाला गेलेली माणसं. या सगळ्यातून इथलं बोलणं झालं आहे. लेखकानं ते कागदावर उतरवलं असेल तर जसं लिहिलं आहे तसंच वाचायला सांगा. त्यानं प्रमाण मराठीत लिहिलं असेल तर नटानं आपल्या मनानं ‘हाय’ आणि ‘न्हाय’ करू नये, कारण मग लेखकाला आपली भाषा ऐकूच येणार नाही. आणि बोलीवर हशा येऊ लागला तर तालीम थांबवून विचारा, की हसू प्रसंगाचं आहे की माणसाच्या बोलण्याचं. समोरच्या खुर्च्यांवर तशीच बोलणारी माणसं येऊन बसणार आहेत. त्यांच्या बोलण्यावर त्यांच्यादेखत हसू ओढणं मला सहन होत नाही.

रंगसूचनांचं कोडं प्रत्येक वाचनात येतं. कंसातलं सगळं वाचायचं की काहीच नाही? काहीच वाचलं नाही तर दार कधी उघडलं, कोण आत आलं, पत्र कुणी फाडलं हे कळत नाही. सगळं वाचलं तर नाटकाची चाल मोडते. ‘(रागाने)’ असं निवेदकानं म्हणायचं आणि मग नटानं रागानं बोलायचं, यात दोघांचाही अपमान आहे. माझा नियम साधा आहे. प्रेक्षकाला डोळ्यांनी कळलं असतं आणि कानांनी कळणार नाही, तेवढंच वाचावं. भावनांचे कंस गाळावेत. ‘विराम’ हा शब्द कधीही मोठ्यानं वाचू नये, तो विराम पाळावा. तालमीत नटांना विराम पाळणं फार जड जातं. कागद हातात असला की शांततेत नजर आपोआप पुढच्या ओळीवर जाते आणि तोंड उघडतं. तिथे पेन्सिलीनं आडवी रेघ मारायला सांगा.

निवेदक कोण असावा हेही महत्त्वाचं. पारायणात व्यासपीठ चालक असतो ना, तसा माणूस शोधा. तो ओव्यांना नाट्य देत नाही, रडत नाही, स्वर चढवत नाही. पण शंभर माणसं कुठल्या ओवीवर आहेत, कोण मागे राहिलं, कुठे दम घ्यायचा हे त्याच्या एकट्याच्या संथ आवाजावर चालतं. रंगसूचना वाचणाऱ्यानं नाटकाचा वेग असाच हातात धरायचा असतो. हे काम उरलेल्या नटाकडे देऊ नका, सगळ्यात आधी याचीच निवड करा. आणि रंगसूचना कुठल्या गाळणार आहात ते लेखकाला विचारून गाळा. एखाद्या कंसात त्यानं नाटकाचा कणा ठेवलेला असू शकतो.

हालचाल किती करायची? थोडी. प्रवेशात असलेले उभे, नसलेले बसलेले, एवढी व्यवस्था पुष्कळदा पुरते. कुणी कुणाकडे पाहायचं हे ठरवा, कारण कागदात डोकं घातलेले सहा नट म्हणजे प्रेक्षकाला फक्त सहा भांग दिसतात. पार्श्वसंगीत नको. प्रवेश बदलताना बासरीचा तुकडा वाजवण्याचा मोह टाळा. बासरी वाजली की कुठलाही प्रवेश बरा वाटतो.

काही नाटकांवर मात्र वाचनात अन्याय होतो, आणि तो थोपवणं तुमच्याकडे आहे. ज्या नाटकात माणसं सतत छान बोलतात ते वाचनात उजळून निघतं. ज्यात दोन माणसं बोलत नाहीत, भात सडत असतं, पाऊस पडत असतो आणि एक जण उठून निघून जातो, ते वाचनात कोमेजतं. श्रोते घरी जाताना म्हणतात, नाटकात काही नाही. अशी संहिता हातात आली तर तो एक प्रवेश कागद खाली ठेवून, हालचालींसह, पाठ करून बसवा. तीन तालमींत एवढं जमतं. वाचनाची शुद्धता सांभाळायला म्हणून मूक प्रवेशाचा बळी देण्यात शहाणपण नाही. शब्दाळ नाटकांनाच पुढे चाल मिळत गेली तर आपल्याकडे तशीच नाटकं लिहिली जातील, ही माझी खरी भीती आहे.

किरकोळ पण अडवणाऱ्या गोष्टी भराभर सांगतो. संहिता मोठ्या टायपात, कागदाच्या एकाच बाजूला छापा आणि पिना मारू नका. पान सरकवता आलं पाहिजे. पान वाक्याच्या मध्ये संपू देऊ नका. एका स्टँड माईकपुढे आळीपाळीनं येऊन वाचणं बंद करा, त्यानं संवादच संपतो. लहान हॉल घ्या आणि माईकशिवाय वाचा. लोणावळ्यात पावसाळ्यात वाचन असेल तर आधी छप्पर पाहून या. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पत्र्याच्या हॉलमध्ये जुलैची एक सर तुमचा अख्खा अंक गिळून टाकेल. स्लॅबचा हॉल मिळत नसेल तर वाचन कामशेत किंवा तळेगावात घ्या. पुण्याहून येणाऱ्यांना परतीची लोकल गाठायची असते, म्हणून वेळेवर सुरू करा. सत्कार, दीपप्रज्वलन, प्रमुख पाहुण्यांचं मनोगत यांपैकी काहीही आधी ठेवू नका. पाऊण तास भाषणं ऐकलेला कान नाटकाला उरत नाही.

लेखकाला कुठे बसवायचं याचा विचार केलात का? पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या शेजारी, हार घालून बसवू नका. लोक त्याच्या तोंडाकडे बघत राहतात आणि तो हसू सांभाळत राहतो. त्याला शेवटच्या रांगेत बसवा. तिथून त्याला पाठी दिसतात, आणि नव्या नाटककाराला पाठींइतकं खरं कुणी सांगत नाही. कुठल्या वाक्याला खुर्च्या करकरल्या, कुठे मोबाइल निघाले, कुठे खोकलाही आला नाही, हे त्यानं स्वतः टिपावं. संहितेची एक प्रत त्याच्या मांडीवर असू द्या, आणि बरोबर पेन.

वाचनानंतरची चर्चा हा तुमच्या दिग्दर्शनाचाच भाग आहे. ती कुणा वक्त्याकडे सोपवू नका. ‘कसं वाटलं’ असं विचारलंत की ‘छान’ असं उत्तर येतं, किंवा एखादे गृहस्थ उठून स्वतःला सुचलेलं वेगळंच नाटक सांगतात. नेमकं विचारा. कुठे गोष्ट हातातून सुटली? कोणत्या माणसाबद्दल आणखी ऐकायचं होतं? शेवट होण्याआधीच कुठे संपल्यासारखं वाटलं? लेखकानं त्या वेळी उत्तरं द्यायची नाहीत, हे आधीच ठरवून घ्या. बाजू मांडायला लागला की त्याचं ऐकणं थांबतं, आणि श्रोतेही आवरतं घेतात. गावातल्या ज्येष्ठांचा मान राखून त्यांना आवरणं अवघड असतं, मला कल्पना आहे. त्यांना बोलू द्या, पण सगळ्यात आधी नको. ते आधी बोलले की पुढचे सगळे त्यांच्याच मताला दुजोरा देतात. पहिला प्रश्न मागे बसलेल्या कॉलेजच्या मुलीला विचारा.

हे सगळं मी इतक्या आग्रहानं का लिहितो आहे ते आता सांगतो. मावळात सांगण्याजोगं खूप साचलं आहे. पवना धरणाखाली गावं गेली, त्या घरांची तिसरी पिढी आता मोठी झाली आहे. २००२ मध्ये द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि खाचरांचे प्लॉट झाले. एका भावानं गुंठे विकले, दुसऱ्यानं नाही विकले, आणि दोघांच्या मुलांचं बोलणं बंद झालं, अशी घरं तुमच्या-माझ्या ओळखीत आहेत. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेचं पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याविरुद्ध बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मारले गेले. यांवर कुणीतरी नाटक लिहील, कदाचित तुमच्या हातातलं तेच असेल. असं नाटक थेट पुण्याच्या सुदर्शन रंगमंचावर किंवा राज्य नाट्य स्पर्धेत गेलं तर तिथले प्रेक्षक लेखनाची कारागिरी पाहतील, विषयाचं कौतुक करतील. सातबाऱ्यावर नाव चढवायला किती हेलपाटे पडतात, भावकीच्या बैठकीत आधी कोण बोलतं आणि म्हातारी कुठे बसते, हे चुकलं असेल तर त्यांना कळणार नाही. वडगावात, कामशेतात, पवनानगरला ते वाचलं तर कळेल. तेव्हा निमंत्रण देताना नाट्यप्रेमींच्या यादीवर थांबू नका. ज्यांच्याबद्दल नाटक आहे त्यांच्या घरी जाऊन बोलावून या. त्यांना सांगा की हे अजून कच्चं आहे, बदलता येईल. नाटक बदलता येण्याजोगं असतानाच आपल्याला विचारलं, ही गोष्ट माणसाला लागते. पुढे प्रयोग होईल तेव्हा हीच माणसं पदरचं भाडं खर्चून पुण्याला येतील.

आणि ते काही कडू बोलले तर लेखकाच्या बाजूनं उभं राहणंही तुमच्याकडेच येईल. दुःख भोगलेल्या माणसाला आपली गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना राग येऊ शकतो. त्या रागात माहिती असते आणि कधी नुसताच राग असतो. लेखक त्या रात्री दोन्ही एकच समजेल. दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे जा, चहा घ्या, त्याच्या प्रतीवरच्या खुणा आणि तुमच्या प्रतीवरच्या खुणा शेजारी ठेवून पाहा. काय बदलायचं ते तुम्ही ठरवू नका. ‘इथे मला नटाला काय सांगावं ते कळलं नाही’ एवढंच बोललात तरी पुष्कळ झालं.

शेवटचं, आणि यात मला तडजोड नको आहे. पहिल्या वाचनाच्या संध्याकाळी तिथेच दुसऱ्या वाचनाची तारीख जाहीर करा. आपल्याकडे एक वाचन होतं, टाळ्या होतात, बातमी येते आणि संहिता कपाटात जाते. पहिलं वाचन जूनच्या सुरुवातीला घेतलंत तर मध्ये भातलावणी येते. तेव्हा तसंही कुणाला सवड नसते, आणि लेखकाला लिहायला दोनेक महिने मिळतात. आवणी उरकली की ऑगस्टच्या अखेरीस त्याच श्रोत्यांना पुन्हा बोलवा. नट शक्यतो तेच ठेवा. बदललेली पानं वेगळ्या रंगाच्या कागदावर छापा, म्हणजे नवं काय आलं ते नटांना आणि लेखकाला एका नजरेत दिसेल. तारीख ठरली की तळेगावच्या वाचनालयाच्या फळ्यावर लावा. मी वाचून येईन.

आपला,
तळेगाव दाभाड्याचा एक नाटकवेडा